ताट परत आलेलं नाय

‘मग तू जिवंत कशी?’

हा प्रश्न मनातल्या मनात मला पुष्कळांनी विचारला असणार. तोंडावर विचारणारा माणूस एकच भेटला, आणि कॉलेजची जवळजवळ सगळी वर्षं मी त्यांच्याच घरात काढली.

रत्नागिरीत मांडवीच्या वाटेवर त्यांचं चिऱ्याचं बैठं घर होतं आणि मागच्या अंगाला भाड्याची एक खोली. मी खोली विचारायला गेले तेव्हा ते दारात उभे होते. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, हातात डाव. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ या गोष्टी पुढे कधीतरी बोलायच्या म्हणून मी आधी माझं पाठ केलेलं भाषण म्हणून टाकलं. मला गहू चालत नाही, दूध चालत नाही, शेंगदाणा चालत नाही, आणि यातलं काही चुकून पोटात गेलं तर मी दोन दिवस कामातून जाते.

‘पाव?’ त्यांनी विचारलं.

‘गव्हाचाच असतो.’

‘खारी?’

‘तीही.’

‘चाय?’

‘कोरा.’

‘साजूक तूप तरी?’

‘दुधाचंच ना ते.’

त्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, भाकरीवर आणि भातावर. मग गाव विचारलं. मी कराडकडची म्हटल्यावर त्यांना एकदम सगळा उलगडा झाला. ‘म्हणजे घाटावरची! मग बरोबर हाय. तुला काय रोगबीग झालेला नाय गो. तू चुकीच्या पोर्टला जन्मलीस, एवढंच.’

पोर्ट म्हणायचं कारण ते जहाजावर होते. मालवाहू जहाजांवर मसाला वाटण्यापासून सुरुवात करून चीफ कुक होऊन निवृत्त झालेले. गल्लीत सगळे त्यांना चीफ म्हणत. नाव सांगितलं तर पोस्टमनसुद्धा गोंधळायचा. स्वयंपाकघराला ते गॅली म्हणत, घरातल्या माणसांना क्रू, आणि आजारी पडलेल्या कोणाबद्दलही ‘हेवी वेदर चालू हाय’ असं सांगत. जेवण तयार झालं की दाराशी टांगलेली पितळी घंटा बडवत. घरात आम्ही दोघंच होतो आणि माझी खोली गॅलीला लागून होती, तरी घंटा वाजायचीच. घंटेनंतर रेंगाळणाऱ्याला जेवण नाही, असा नियम होता. तो एकदाच, आणि तोही मुख्यमंत्र्यांचं भाषण ऐकत बसलेल्या शेजाऱ्याला लावला गेला.

त्यांची फुशारकी मात्र एकच होती. ती ते दिवसातून एकदा तरी ऐकवत, आणि ऐकवताना हातातला डाव वर करत. ‘माझ्या गॅलीतून गेलेलं ताट परत आलेलं नाय.’ ग्रीक कॅप्टन, नॉर्वेचा इंजिनीअर, फिलिपिनो खलाशी, सगळ्यांनी म्हणे ताटं चाटूनपुसून दिली. नॉर्वेचा इंजिनीअर सोलकढी पिऊन रडला होता. दुसऱ्यांदा गोष्ट सांगितली तेव्हा तो मूळचा डेन्मार्कचा होता आणि रडला होता तो कुळथाच्या पिठल्यावर. मी एकदा ही तफावत दाखवली, तर म्हणाले, ‘जहाजावर रडणारी माणसं पुष्कळ असतात.’

मी त्यांच्याकडे यायचं कारण होस्टेलची मेस. त्या मेसचा एका शब्दावर गाढ विश्वास होता. ‘थोडंसं’. थोडंसं खाल्लं तर काय होतंय? चपाती नको तर अर्धी घे. पनीर नको तर नुसता रस घे. मेसवाल्या बाईंचा स्वभाव प्रेमळ होता, आणि प्रेमळ माणसं माझ्या प्रकृतीला सर्वांत घातक. वाईट माणूस मला उपाशी ठेवतो. प्रेमळ माणूस मला खायला घालतो. मी केळी आणि कोरडे पोहे खाऊन दिवस काढले. आईनं सुट्टीत माझी कॉलरबोन पाहिली आणि माझ्याऐवजी वडिलांशी भांडली.

वडिलांचं दुःख निराळं. आमचा गोठा म्हणजे गावातला नावाजलेला गोठा. दोन्ही वेळा डेअरीला दूध घालणारा माणूस, आणि पोरगी खरवसाच्या वासानं सुजणारी. त्यातून आमच्याकडे कुटाशिवाय काही शिजत नाही. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाला तर कुटातच उपास. त्यामुळे लहानपणापासून माझं ताट वेगळं. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना पानं वाढली जात असताना मी पिशवीतून स्टीलचा डबा काढायची. मग शेजारची बाई विचारायची, मग मी सांगायची, मग ती ‘अरेरे’ म्हणून जिलबी खायची. माझं दुखणं खरं म्हणजे जिलबीचं नव्हतंच. आयुष्यात एकदा तरी शेजारच्या पानावर जे आहे तेच आपल्या पानावर असावं आणि कोणी काही विचारू नये, एवढीच माझी हौस होती. ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती, कारण ऐकणारा लगेच प्रेमळ व्हायचा.

चीफ प्रेमळ नव्हते, हे त्यांचं मोठेपण. माझ्या पोटाकडे त्यांनी परक्या बंदरातल्या कस्टमसारखं पाहिलं. कायदा काय आहे तो विचारायचा, पाळायचा, वाद घालायचा नाही. ‘कस्टमवाल्यास का विचारायचं नसतं,’ ते म्हणत. ‘का विचारलंस की जहाज अडकलं.’

आणि मग मी जेवू लागले. घावणे आणि नारळाचा रस, काजूच्या ओल्या गरांची उसळ, फणसाची भाजी, बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी. कूट म्हणून जे माझ्या नशिबी आलं होतं त्याच्या जागी इथे सगळीकडे ओला नारळ. हे सगळं मोठ्या त्यागानं वगैरे माझ्यासाठी शिजत नव्हतं; इथली माणसं हेच खातात. माझ्यासाठी वेगळं असं काही करावंच लागत नाही, हे पाहून पहिल्या आठवड्यात एकदा मी घास तोंडात धरून तशीच बसले. चीफना वाटलं काटा अडकला. त्यांनी पाठीत असा गुद्दा घातला की रडू खरोखरच आलं.

ते नेहमी जादा रांधत. दोघांना टोप भरून आमटी. विचारलं तर म्हणायचे, ‘वादळात भांडं उलटतं. कुकानं दोन वेळचं शिजवायचं असतं.’ रत्नागिरीतल्या पक्क्या जमिनीवर शेगडीवरचं भांडं कुठलं वादळ उलटवणार होतं कोण जाणे. पण आम्ही संध्याकाळी सकाळचंच जेवायचो, आणि गल्लीतली मांजरं सुखी होती.

मी राहायला आल्यावर घरात गहू बंद झाला. मी तसं मागितलं नव्हतं. पिठाचे कण उडतात, असं मी एकदा बोलून गेले, त्याच दिवशी त्यांनी कणकेचा डबा शेजारी देऊन टाकला. अडचण अशी की पाव हा चीफचा जीव की प्राण. सकाळी बेकरीचा ताजा पाव चहात बुडवल्याशिवाय त्यांना सूर्य उगवल्यासारखा वाटत नसे. मग ते कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन पाव खाऊ लागले, तेही माझ्याकडे पाठ करून, शाळकरी पोरानं बिडी ओढावी तसे. मी कॉलेजला जाताना दिसले की पाव पाठीमागे. येताना तोंड धुऊन, बनियन झटकून घरात शिरत. ‘पाव खाल्लात?’ असं विचारलं तर म्हणत, ‘कुठला पाव?’ मिशीला चहात भिजलेला तुकडा लटकत असे.

असं असूनही एकदा घात झाला. कुळथाचं पिठलं आणि भात जेवायला बसले आणि अर्ध्या ताटावरच मी आडवी. चीफनी माझ्यावर संशय घेतला, बाहेर काहीतरी हादडलं असणार. मी त्यांच्यावर घेतला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी पोलिसासारखे बोलत होतो. त्या दिवशीचं माझं अर्धवट ताट मोरीत तसंच पडलेलं होतं. ते त्यांनी घासलं नाही, मलाही घासू दिलं नाही. येता-जाता त्याच्याकडे बघत.

तिसऱ्या दिवशी ते चष्म्यावर भिंग धरून गॅलीतला एकेक डबा वाचत बसले, आणि एकदम ओरडले. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, हिंगात मैदा मिसळतात. एरवी तो चिमूटभर पडायचा, त्या दिवशी पिठल्यात चमचाभर पडला होता.

‘हिंगात मैदा?’ त्यांचा आवाज फाटला. ‘अगो, जन्मभर मी ह्याला हिंग म्हणून फोडणीत टाकतंय!’

बायकोनं फसवलं असतं तरी त्यांना एवढं लागलं नसतं. एक तर त्यांना बायको नव्हती. ते तडक वाण्याकडे गेले आणि भर दुकानात त्याला विचारलं, तू हिंग विकतोस की पाव? वाणी बिचारा हिंगासारखाच पिवळा पडला. मग डबी घेऊन ते भाट्याच्या पुलावर गेले आणि वरून खाडीत फेकून आले. खाडीतल्या माशांना ग्लुटेन चालतं का, असं मी विचारलं. आठवड्यात पहिल्यांदा ते हसले. नंतर फोडणी लसणीची. पण ते ताट त्यांनी मनाला लावून घेतलं. ‘परत आलेलं नाय’ हे वाक्य त्यानंतर बरेच दिवस ऐकू आलं नाही, आणि मला ते ऐकायची चक्क चुटपुट लागली.

मग गणपती आले. एरवी मी घरी जायची, पण त्या वर्षी लगेच प्रॅक्टिकल होतं, म्हणून राहिले. चीफकडे दीड दिवसाचा गणपती. लांज्याहून त्यांची थोरली बहीण यायची. तिला सगळे आक्का म्हणत. नवरा गेल्यावर तिनं काजूच्या कारखान्यात काम करून मुलगा वाढवलेला; बोलणं कमी आणि सोवळं कडक. मुंबईहून तो मुलगा, सून, आणखी चारदोन भाचे. मी ठरवलं होतं की खोलीत भात टाकीन आणि दर्शनापुरती जाईन. तसं चीफना सांगितलं.

‘गॅली एक, जेवण एक,’ ते म्हणाले. ‘या वर्षी देवाचं सगळं तुझ्या कायद्यात.’

आक्का भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. ‘म्हणजे?’

‘म्हणजे दूध नाय, तूप नाय, कणीक नाय.’

‘देवाक काय झालंय?’

‘देवाक काय होतंय? पोरीक झालंय. देव ॲडजस्ट करतो, तिचं पोट करीत नाय.’

‘आणि पंचामृत?’

यावर चीफनी विचार केला. ‘आंघोळीस चालंल. पोटात नाय.’

त्यामुळे भटजींनी पूजेत दूध-दही वापरलं आणि प्रसाद म्हणून सगळ्यांच्या हातावर आलं तुळशीचं पाणी. भटजींना स्कूटरवरून अजून बरीच घरं करायची होती. त्यांनी शास्त्रार्थ केला नाही.

चीफ पहाटेपासून गॅलीत होते. कोणाला आत प्रवेश नाही. मोदकाच्या उकडीत तुपाऐवजी खोबरेल, अळूच्या फदफद्यात दाण्यांऐवजी फणसाच्या आठळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, नारळाच्या दुधातली तांदळाची खीर. घंटा वाजली. आरती झाली. ओटीवर केळीची पानं मांडली आणि मला आक्काची सून आणि एक भाचा यांच्या मध्ये बसवलं. घरच्या रिवाजाप्रमाणे पंगतीची पानं आधी वाढून ठेवायची, मग देवाला नैवेद्य, मग जेवायचं. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तेच मोदक, तेच सांबारं, तीच खीर. माझ्या मांडीवर डबा नव्हता. सून मला म्हणाली, ‘अळू मस्त दिसतंय ना?’ आणि मला काय झालंय हे तिनं विचारलं नाही, कारण काही झालेलं दिसतच नव्हतं. मी नुसती मान हलवली.

चीफ सोलकढी आणायला आत गेले. तेवढ्यात आक्का उठली. तिनं आपल्या पिशवीतून एक वाटी काढली, आणि देवाच्या पानापासून सुरुवात करून पंगतीतल्या प्रत्येक भातावर, प्रत्येक मोदकावर ती साजूक तूप सोडत आली. अन्नशुद्धी. तुपाशिवायचं अन्न देवाला कसं दाखवायचं? तिच्या मनात वाईट काही नव्हतं. जन्मभर तिनं हेच केलं होतं, आणि लांज्याहून ती तूप मुद्दाम कढवून घेऊन आली होती. माझ्याही पानावर धार पडली. मी पाहत राहिले. ‘नको’ हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलाय, पण नेमका तेव्हा तो निघालाच नाही.

चीफ बाहेर आले. त्यांना वास आला. कुकाचं नाक.

‘असू दे चीफ,’ मी पटकन म्हटलं. ‘मी भात टाकते माझा. मला सवय आहे.’

‘तिचं एक पान बदल,’ आक्काचा मुलगा म्हणाला. शहाण्यासारखंच बोलला, भुकेलाही होता.

चीफनी सोलकढीचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, आता आक्कावर ओरडणार. ते ओरडले नाहीत. ‘तिचं एक नाय,’ ते म्हणाले. ‘सगळी पानं उचला.’

कोणी हललं नाही. मग त्यांनी स्वतः वाकून पहिलं पान उचललं, दुसरं उचललं. ज्या माणसाच्या गॅलीतून ताट परत आलेलं नव्हतं, तो माणूस अख्खी पंगत आपल्या हातानं परत घेऊन चालला होता. शेवटी देवासमोर गेले, देवाचंही पान उचललं आणि मोठ्यानं म्हणाले, ‘बाप्पा, पाच मिनिटं कळ काढ. ऑर्डर चुकली.’

आत सगळ्याचाच दुसरा टोप होता, मोदकांचाही. वादळात उलटणाऱ्या भांड्यासाठी म्हणून इतकी वर्षं जे जादा शिजत होतं, ते त्या दिवशी कामाला आलं. ओटी पुसून काढली, नवी पानं आली, पुन्हा वाढलं गेलं. शेजाऱ्यांच्या गाईनं तूप घातलेले मोदक खाल्ले. तिला अन्नशुद्धीचा पूर्ण लाभ झाला. आक्का रिकामी वाटी हातात धरून खांबाशी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं की कशाचं हे मला कळलं नाही. नैवेद्य दाखवून झाला. मग ती विहिरीवर गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतले, आणि मोदकांचं ताट घेऊन सरळ माझ्यासमोर आली.

‘घे गो,’ ती म्हणाली.

मी किती मोदक खाल्ले ते सांगत नाही. दुपारी माझं पोट दुखायला लागलं तेव्हा चीफ पांढरेफटक पडले. भिंग शोधायला धावले, नारळापासून मिठापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. मी त्यांना थांबवलं. दुखण्याची जात मी चांगली ओळखते. हे फक्त अधाशीपणाचं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच माझं पोट चारचौघांसारखं दुखत होतं, आणि मी चटईवर लोळत, पोट धरून, हसत होते.

संध्याकाळी चीफ दाराशी येऊन म्हणाले, ‘पंगत परत घेतली ती मी घेतली. गिऱ्हाइकानं परत दिलेली नाय. तेव्हा ते धरायचं नाय.’ फुशारकी पुन्हा चालू झाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढे मी पदवी घेतली आणि पुण्यात नोकरीला लागले. आता इथल्या दुकानांत माझ्यासारख्यांसाठी अख्खं शेल्फ असतं. त्यातली बिस्किटं चवीला पुठ्ठ्यासारखी आणि किमतीला दागिन्यासारखी. गणपतीत मात्र सुट्टी मिळेना. दर वर्षी पुढच्या वर्षी येते म्हणायचं. चीफ फोनवर ‘पोर्ट उघडं हाय’ म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. मागच्या थंडीत ते गेले. सकाळी टपरीवर, बाकावर बसल्या बसल्या. टपरीवाल्यानं सांगितलं की पाव अर्धा चहात बुडला होता. मी खूप रडले, आणि मध्येच मनात आलं की निदान या वेळी त्यांनी तो पाठीमागे लपवला नव्हता.

घराला कुलूप लागलं असेल असं मी धरून चालले होते. गेल्या आठवड्यात चीफच्याच नंबरावरून फोन आला. मी दचकलेच. पलीकडे आक्का होती. लांजा सोडून ती तिथे राहायला आली होती.

‘गणपतीस येतेस ना?’ तिनं विचारलं.

‘आक्का, आता तुम्ही एकट्या. उगीच त्रास नको. आले तर मी माझा डबा घेऊन येईन.’

पलीकडे डाव टोपावर आपटल्याचा आवाज झाला.

‘डबा कशास?’ आक्का म्हणाली. ‘तू गेल्यापासनं इतके गणपती झाले. देवाक अजून दूध चालू केलेलं नाय.’